क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या चाव्यांची खटखट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या बँडमधले वादक, नुकतं क्लॅरिनेट हातात घेतलेली मुलं आणि त्यांचे पालक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे ज्याला जे म्हणतात तेच शब्द वापरले आहेत. बोटाने दाबतो ती चावी. चावी जिच्यावर फिरते ती पोलादी दांडी म्हणजे रॉड, रॉडवर बसणारी चावीची नळी आणि रॉड धरून ठेवणारे दोन खांब. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. चाव्यांचा आवाज येतो म्हणजे वाद्य खराब झालं का?

नाही. साध्या बोम पद्धतीच्या (चाव्यांची आजची नेहमीची मांडणी) क्लॅरिनेटवर १७ चाव्या आणि छिद्रांभोवती ६ कड्या असतात. एवढे धातूचे भाग हलतात तेव्हा थोडा आवाज होणारच. शांत खोलीत वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकू येणारी मऊ 'टप टप' चालते. दोन हातांवर बसलेल्या माणसाला 'खट' किंवा 'खण' असा धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत असेल, तर चावीखाली चिकटवलेला कुठला तरी कॉर्क (बुचाच्या सालीचा तुकडा) गळाला आहे किंवा चावी सैल झाली आहे. तसंच वाजवत राहिलात तर नळी आतून झिजते. झिजेचा खर्च कॉर्कच्या तुकड्यापेक्षा फार मोठा असतो.

२. आवाज नेमका कुठून येतोय हे कसं ओळखायचं?

या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे. कारण न शोधता सगळीकडे कॉर्क चिकटवल्याने जितकी वाद्यं बिघडतात, तितकी खटखटीने बिघडत नाहीत.

फुंकू नका. शांत खोलीत वाद्य मांडीवर घ्या आणि एकेक चावी सावकाश दाबा, सावकाश सोडा. आवाज दाबताना येतो की सोडताना, एवढंच आधी ठरवा.

एरवी उघडी राहणारी चावी (उदा. सॅक्सोफोनची लो बी) सोडताना वाजली, तर ती परत जाऊन जिथे थांबते तिथला फेल्ट (दाबलेल्या लोकरीचा तुकडा) किंवा कॉर्क गेला आहे. एरवी बंद राहणारी चावी (उदा. क्लॅरिनेटची ट्रिलची, म्हणजे दोन सूर झरझर आलटून-पालटून वाजवायची चावी) सोडताना वाजली, तर पॅड, म्हणजे चावीखालची छिद्र झाकणारी मऊ गादी, छिद्रावर आपटतंय. पॅड कडक झालं असेल किंवा स्प्रिंग गरजेपेक्षा जोरदार असेल. अशीच बंद चावी दाबताना वाजली, तर तिचा दांडा खाली लाकडावर किंवा शेजारच्या चावीवर आपटतोय.

दाबताना आणि सोडताना, दोन्ही वेळा बारीक 'टिक' येत असेल तर ती सैल चावी समजा. अंगठ्याच्या नखाने चावी रॉडच्या दिशेने, म्हणजे एका खांबाकडून दुसऱ्याकडे ढकलून बघा. सरकताना दिसली तर प्र. ८ कडे जा. सरकत नाही पण वर-खाली डुलते, तर नळी आणि रॉड यांच्यात फट पडली आहे.

अजून खात्री होत नसेल तर संशयाच्या जागी सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी सरकवा आणि चावी पुन्हा दाबा. आवाज बदलला तर जागा सापडली. नळीच्या टोकाशी तेलाचा थेंब लावल्यावर आवाज तात्पुरता गेला, तर दोष सैलपणाचा आहे, कॉर्कचा नाही. दोन चाव्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर एक बोटाने घट्ट धरा आणि दुसरी हलवा.

३. घरी हे काम करायला काय काय लागतं?

घड्याळजीकडे असतात तसे बारीक स्क्रूड्रायव्हर, नवं ब्लेड, स्प्रिंग ओढायला बारीक क्रोशाची सुई, ०.४ ते १.६ मिमीच्या दरम्यान तीन-चार जाडीचे कॉर्कचे पत्रे, पातळ फेल्ट, कॉन्टॅक्ट गोंद (फेविकॉल एसआर ९९८ चालतो), तेल, आणि वाहनाच्या दुकानात मिळतो तो फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा). १० बाय १० सेंमीच्या कॉर्कच्या तुकड्यात एका क्लॅरिनेटचं सगळं काम होऊन उरतं.

टेबलावर जुनी सोलापुरी चादर घाला. काढलेला स्क्रू टणकन उडून पलंगाखाली जात नाही. टर्किश टॉवेल मात्र अजिबात नको. आपल्याकडे तो घरोघरी हाताशी असतो, म्हणून मुद्दाम सांगतो: त्याचे फासे सुईसारख्या स्प्रिंगांमध्ये अडकतात, स्प्रिंग वाकते, आणि सुटलेले धागे रॉडच्या तोंडाशी तेलात चिकटून बसतात. पुसायला धुऊन मऊ झालेलं धोतराचं सुती कापड घ्या.

४. नुसतं तेल घातलं तर खटखट जाईल का? आणि कुठलं तेल घालायचं?

सैलपणाची 'टिक' तेलाने कमी होते, कारण नळी आणि रॉड यांच्यातली फट तेलाच्या थराने भरते. आपटण्याचा 'खट' तेलाने जात नाही.

नव्या, घट्ट वाद्याला शिलाई मशीनचं तेल पुरतं. जुन्या, झिजलेल्या वाद्यात ते टिकत नाही. पातळ असल्याने, त्यात सोलापूरचा उन्हाळा असल्याने, ते वाहून जातं. तिथे अंगाने दाट सिंथेटिक तेल लागतं. खोबरेल किंवा गोडेतेल कधीही नको. ते काही महिन्यांत चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि चावी जड चालते. गंज सोडवायचा फवाराही नको. तो पातळ असतो, पसरत पॅडपर्यंत जातो आणि लवकर उडून जातो.

सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब, नळी आणि खांब जिथे भेटतात तिथे. चावी दहा-बारा वेळा हलवा, बाहेर आलेलं तेल टिपून घ्या. मिरवणुकीत धूळ खाल्लेल्या वाद्यावर नवं तेल ओतू नका. आधी रॉड काढा, पुसा, नळीतून कापडाची वात ओढा. काळी वात निघते ती धूळ आणि झिजलेला धातू. त्यावर तेल घालणं म्हणजे वाद्याला पॉलिश पेपर लावण्यासारखं आहे.

५. कॉर्क लावू, फेल्ट लावू की सायकलच्या ट्यूबचं रबर लावू?

रबर लावू नका. ते मऊ दिसतं, पण चावीला परत उसळी देतं आणि एका 'खट'ऐवजी दोन बारीक आवाज येतात. उन्हात ते पाघळून चिकटतं. शिवाय त्यातल्या गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो.

बाकी निवड जागेवर ठरते. जिथे चावी जोरात येऊन थांबते तिथे फेल्ट. आपटण्याचा आवाज किती तीक्ष्ण असेल हे चावीला थांबायला किती अंतर मिळतं यावर ठरतं, आणि फेल्ट दबतं म्हणून ते अंतर देतं. जिथे दोन चाव्यांनी एकाच क्षणी बंद व्हायचं असतं तिथे कॉर्क. फेल्ट रोज थोडं थोडं दबत जातं आणि जुळवलेलं माप चुकतं. कॉर्क माप धरून ठेवतो. जिथे एक भाग दुसऱ्यावर घासत सरकतो तिथे फेल्ट लावलं तर चावी आळशी होते. तिथे टेफलॉनचा पातळ पत्रा किंवा घोटून गुळगुळीत केलेला कॉर्क हवा. रबर मिसळलेला दाट कॉर्क मिळतो, तो साध्या कॉर्कपेक्षा शांत असतो आणि तुटतही नाही. मिळाला तर मापाच्या जागी तोच घ्या.

६. चावीचा कॉर्क बदलायची नीट पद्धत सांगा.

जुना कॉर्क खरवडण्याआधी माप घ्या. चावी उघडी असताना पॅड छिद्रापासून किती वर आहे ते फीलर गेजच्या पात्या एकावर एक लावून किंवा व्हर्नियरने मोजा आणि लिहून ठेवा. हे केलं नाही तर पुढचं सगळं अंदाजाने होतं.

चावी काढा. काढलेले रॉड आणि स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने थर्माकोलमध्ये खोचून ठेवा. एकसारखे दिसणारे स्क्रू एकसारखे नसतात. जुना कॉर्क आणि गोंद ब्लेडने खरवडा, धातूवर बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा. चावीवर आणि कॉर्कवर गोंदाचा पातळ थर द्या आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे पाच ते दहा मिनिटं थांबा. मगच दाबून बसवा. ओल्या गोंदावर लगेच बसवलेला कॉर्क पुढे सरकतो. कडा नव्या ब्लेडने उताराच्या कापा, म्हणजे त्या शेजारच्या भागाला घासणार नाहीत.

कॉर्क थोडा जाड लावून नंतर पॉलिश पेपरच्या पट्टीने उतरवत मापावर आणा. फेविक्विकसारखा झटपट गोंद टाळा. तो कॉर्कमध्ये शोषला जाऊन त्याला दगड करतो, आणि एक थेंब नळीत ओघळला तर चावी रॉडवर कायमची बसते.

७. कॉर्क बदलल्यावर खटखट गेली, पण सूर उतरला आणि आवाज घुसमटला. का?

चावीची उघड कमी झाली. थांबण्याच्या जागी जाड कॉर्क किंवा फेल्ट लावलं की पॅड पूर्वीइतकं वर येत नाही. छिद्रातून हवा नीट मोकळी होत नाही, म्हणून सूर खाली जातो.

हिशेब सोपा आहे. चावीची टाच, म्हणजे ती जिथे टेकून थांबते तो भाग, रॉडपासून १० मिमीवर आहे आणि पॅडचा मध्य २० मिमीवर, तर टाचेखाली वाढवलेला अर्धा मिमी पॅडपाशी १ मिमी होतो. क्लॅरिनेटच्या चावीसाठी १ मिमी म्हणजे पुष्कळ. म्हणून नवीन थर घालताना जुन्याच जाडीचा घाला. फेल्ट घालायचं असेल तर ते बोटांनी दाबून, दबलेल्या स्थितीत मोजा. आवाज बंद करण्यासाठी उघड कमी करणं हा उपाय नाही. एका जागी केलं की शेजारचे सूरही जुळवावे लागतात.

८. चावी दोन खांबांमध्ये सरकते. मध्ये वॉशर घालू का?

घालू नका, आणि खांब ठोकून जवळही आणू नका. खांब वाकला की रॉडची रेष मोडते आणि चावी अडकते.

चावी टोकदार स्क्रूंवर फिरत असेल तर आधी स्क्रू थोडे आवळून बघा. चावी स्वतःच्या स्प्रिंगने सहज परत येईल इतपतच. स्क्रू परत सुटत असेल तर त्याच्या आट्यांवर नेलपॉलिशचा पुसट हात द्या. स्क्रू तळाला लागूनही चावी सरकत असेल, तर खांबातली बैठक खोल करावी लागते.

चावी लांब रॉडवर असेल तर योग्य उपाय म्हणजे नळी दाबून लांबवणं. खास पक्कड नळीभोवती फिरवून दाबली की धातू लांबीकडे सरकतो आणि आतली फटही कमी होते. हे करताना रॉड आत असावाच लागतो, नाहीतर नळी चपटते. हे काम कारागिराकडेच द्या. जर्मन सिल्व्हरच्या चाव्या हे सोसतात. अगदी स्वस्त वाद्यांच्या ओतीव, ठिसूळ धातूच्या चाव्या तडकतात, तिथे दाट तेलावरच भागवावं लागतं.

९. क्लॅरिनेटच्या डाव्या करंगळीच्या चाव्या खणखणतात. बाकी सगळं शांत आहे.

ही जागा सगळ्यांचीच वाजते. डाव्या करंगळीच्या लांब चाव्यांच्या टोकाला पिन असते आणि ती खालच्या चावीच्या भोकात बसते. पिनीवर पूर्वी आतड्याची पातळ त्वचा लावत, आता नायलॉन किंवा टेफलॉनची टोपी असते. ती गेली की धातू धातूला लागतो.

आजच्या कार्यक्रमापुरता उपाय नळाच्या दुकानात मिळतो. आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेफलॉन टेप अरुंद कापून पिनीवर एक-दोन वेढे द्या. जास्त वेढे दिले तर पिन भोकात अडकते आणि खालचं पॅड उघडंच राहतं. कायमचं काम म्हणजे नवी टोपी. नायलॉनची अख्खी पिन असेल तर ती शांत असते, पण मोडते. एखादी जादा पिन पेटीत ठेवा.

याच भागात उजव्या करंगळीच्या चाव्यांखाली कावळ्याच्या पंजासारखा तुकडा असतो, त्यावर पातळ कॉर्क असतो. तो बदलताना दोन्ही मोठी पॅडं एकाच क्षणी बंद होतात का ते कागदाच्या पट्टीने तपासा. दोन्ही पॅडांखालची पट्टी सारख्याच जोराने ओढावी लागली पाहिजे. मधला बी बोलत नाही अशी तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

वरच्या भागातल्या ए आणि जी शार्प चाव्यांमधला बारीक स्क्रूही असाच आहे. 'टिक' घालवायला तो पूर्ण आवळला तर जी शार्पचं पॅड किंचित उचललेलं राहतं आणि अर्धं वाद्य गळतं. तिथे कागदभर फट हवीच. फट ठेवा आणि स्क्रूच्या टोकाखाली पातळ कॉर्क लावा.

१०. सॅक्सोफोनमध्ये कुठे बघायचं?

आधी बेलवरच्या (वाद्याच्या फुललेल्या तोंडावरच्या) मोठ्या चाव्या: लो बी, लो बी फ्लॅट, सी शार्प. त्यांच्यावरच्या जाळीत फेल्टच्या गोल टिकल्या असतात. ती टिकली पडली की मोठी पितळी चावी थेट जाळीवर आपटते. पुष्कळ वाद्यांत टिकली आट्यांच्या बुचात असते, बूच फिरवून उघड जुळवता येते.

मग सप्तकाची चावी. मानेच्या (माउथपीस बसतो त्या वाकड्या भागाच्या) कडीला खालची खुंटी लागते तिथे प्लॅस्टिकची नळी किंवा कॉर्क असतो. कडी आणि खुंटी यांच्यात थोडी फट हवीच, नाहीतर मानेवरचं छोटं पॅड पूर्ण बंद होत नाही. खटखट मारायच्या नादात ही फट बुजवू नका.

करंगळीखालचे रोलर खुळखुळत असतील तर त्यांची बारीक दांडी काढून ग्रीसचा पुसट हात द्या.

११. 'खट' नाही, 'चट' असा चिकटून सुटल्याचा आवाज येतो.

पॅड छिद्राला चिकटतंय. लाळ, चहा-सरबताची साखर, बोटांचं तेल. शेंगाचटणी-भाकरी खाऊन हात न धुता वाद्य उचललं की तेच तेल पॅडवर जातं. वाजवण्याआधी हात धुणं आणि चूळ भरणं हा खरा इलाज.

सिगारेटचा कागद पॅडखाली ठेवा, चावी हलक्या हाताने बंद करा, काही क्षण थांबा, उघडा आणि मग कागद काढा. पॅड दाबून ठेवून कागद ओढू नका, पातळ पापुद्रा फाटतो. छिद्राची कडा ओलसर कापडाने पुसून कोरडी करा. टाल्कम पावडर लावू नका. एक दिवस बरं वाटतं, मग ओलाव्यात तिचा लगदा होतो.

१२. स्प्रिंग हलकी केली तर आवाज कमी होईल ना?

थोडी जड असलेली हलकी केली तर होतो, कारण चावी कमी वेगाने परत येते. फार हलकी केली तर उलटा परिणाम होतो. बंद चावी छिद्रावर येऊन उसळते आणि पुन्हा बसते, जलद ताना घेताना ती फडफडते. कारागीर स्प्रिंगचा जोर बोटांनी सगळ्या चाव्यांवर एकसारखा जुळवतात, त्याचं कारण हेच.

चपट्या स्प्रिंगची 'कुईं' वेगळी. तिचं टोक ज्या खाचेत सरकतं तिथे ग्रीसचा ठिपका द्या.

१३. उन्हाळ्यातच आवाज का वाढतो? आणि पॅड गळून का पडतात?

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी. लाकूड आटतं, त्यात फिरवून बसवलेले खांब सैल होतात. खांब बोटाने फिरत असेल तर स्प्रिंगचा ताण बदलतो आणि चावी वाजू लागते. सांध्यावरच्या धातूच्या कड्या हाताने फिरू लागल्या, तर तो गंभीर इशारा समजा. लाकूड तडकण्याच्या वाटेवर आहे. पेटीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज ठेवा. संत्र्याची साल ठेवायची जुनी रीत आहे, पण तिला बुरशी येते.

पॅड लाखेने किंवा गरम गोंदाने बसवलेली असतात. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या पेटीत हे दोन्ही मऊ पडतात आणि पॅड कपात तिरकं होतं. तिरकं पॅड आधी एका कडेने आणि मग दुसरीने लागतं, म्हणून एकाऐवजी दोन टपटप ऐकू येतात. वरातीची वाट बघताना पेटी गाडीत नको, सावलीत ठेवा.

१४. हाताने चाव्या हलवल्या तर शांत, पण एखाद्याच सुरावर झिणझिण येते.

ही चावीची आपट नाही, सुरासोबत थरथरणारा सैल भाग आहे. सैल कडी, लिगेचरचा (रीड धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) स्क्रू, अंगठ्याच्या आधाराचा स्क्रू, सॅक्सोफोनच्या गळ्यातल्या पट्ट्याचा हूक, कागद लावायच्या क्लिपचा स्क्रू. तोच सूर दुसऱ्याला वाजवायला सांगा आणि एकेक भाग बोटाने दाबा. ज्यावर बोट ठेवल्यावर आवाज थांबेल तो भाग आवळा. क्लॅरिनेटमध्ये दोन भागांना जोडणारा चावीचा पूलही बघा. त्याचा कॉर्क गळाला की तो नेमका असाच झिणझिणतो.

१५. रेकॉर्डिंगमध्ये चाव्याच जास्त ऐकू येतात.

माइक फार जवळ आहे. क्लॅरिनेटचा सूर मुख्यतः उघड्या छिद्रांतून बाहेर येतो, म्हणून चाव्यांपासून पूर्ण पळ काढता येत नाही. पण माइक अर्ध्या ते एक मीटरवर, किंचित वर आणि बाजूला नेला की सूर एकसंध होतो आणि टकटक मागे पडते. बोटं चावीपासून फार उचलत असाल तर तेही बदला. दोन सेंमीवरून येणारं बोट आणि अर्ध्या सेंमीवरून येणारं बोट यांचा आवाज माइकला अगदी वेगळा ऐकू येतो.

१६. आम्ही चाव्या बसवलेलं वाद्य बनवतोय. मुळातच आवाज कमी व्हावा म्हणून रचनेत काय करावं?

हा प्रश्न वाद्यांइतकाच जुना आहे. क्लॅरिनेटवादक इवान म्युलरने १८१२ मध्ये पॅरिसला मांडलेल्या १३ चाव्यांच्या क्लॅरिनेटवर चपट्या चामड्याऐवजी मऊ, भरलेली पॅडं होती. त्यांनी छिद्र घट्ट बंद झालं आणि आपटही मऊ झाली. ज्याच्या नावाने बोम पद्धत ओळखली जाते त्या बोमने १८३२ आणि १८४७ च्या बासऱ्यांत चाव्या एकमेकींना जोडल्या. सोय प्रचंड वाढली, पण सांधे वाढले आणि सांधा तिथे आवाज. म्हणून पहिला नियम: जोडणी जितकी कमी तितकं बरं.

नळी लांब ठेवा. तेवढीच फट आखूड नळीत असेल तर पॅड जास्त डुलतं. नळी-रॉड फट शतांश मिलिमीटरच्या हिशेबात धरा. रॉडपासून दूरचं वजन कमी करा. चावीचा वेग दुप्पट झाला तर आपटण्याची ऊर्जा चौपट होते, वजन दुप्पट झालं तर दुप्पट. थांबण्याची जागा रॉडपासून दूर आणि सपाट टेकेल अशी ठेवा, म्हणजे फेल्टच्या पूर्ण तोंडावर भार येतो. टाच थेट नळकांड्याच्या अंगावर टेकत असेल तर पूर्ण वाद्य त्या ठोक्याचं खोकं बनतं. म्हणून फेल्टला जागा आराखड्यातच राखून ठेवा. नंतर घुसवलं तर प्र. ७ मधला घोळ होतो.

१७. हे सगळं केलं. तरी चावी बंद करताना बारीक 'टप' येतोच. आता काय?

त्या 'टप'ला सूर आहे का ते तपासा. माउथपीस काढा, एकच चावी जोराने बंद करा आणि ऐका. मग खालच्या आणखी दोन-तीन चाव्या धरून तीच चावी पुन्हा बंद करा. 'टप'चा सूर बदलला, तर तो धातूचा आवाज नाही. पॅड बसताना आतल्या हवेला धक्का बसतो आणि वाद्याच्या पोकळीतली हवाच वाजते. धातूच्या बासरीत हे स्पष्ट ऐकू येतं, आणि आधुनिक रचनाकार तो आवाज मुद्दाम लिहूनही देतात. त्याला कॉर्क, फेल्ट, तेल काहीही लागू पडत नाही. बोट जरा हळू आणि चावीला चिकटून ठेवलं की तो कमी होतो, आणि फुंकर चालू असताना सुरात मिसळून जातो. 'टप'चा सूर बदललाच नाही, तर प्र. २ पासून पुन्हा सुरुवात करा आणि या वेळी जोडलेल्या चाव्या एकेक धरून बघा.